वाचक विचारतात : बँडच्या साथीनं जेवताना

डिसेंबरमध्ये आईवडिलांना घेऊन कोलकात्याला जायचं आहे. नोकरीच्या काळात वडील पार्क स्ट्रीटवर गाणं ऐकत जेवायचे. तसं आजही मिळतं का? वडील कानाला यंत्र लावतात. – एक वाचक, नाशिक

मिळतं, फक्त ठिकाण पारखून घ्या. वडिलांच्या आठवणीतल्या नावांपैकी ब्लू फॉक्स बंद झालं. जॅझ पियानोवादक लुई बँक्सचा बँड तिथलाच. १९५६ साली सुरू झालेल्या मोकॅम्बोत एकेकाळी जॅझ गायिका पॅम क्रेन गायची. आता तिथे लोक जातात ते जेवणासाठी. गाणं ऐकायचं तर ट्रिंकाज गाठा. मुंबईत वाढलेल्या उषा उथुप १९६९ साली कांजीवरम नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून गायल्या त्या इथेच. ‘पार्क स्ट्रीट’ मेट्रो स्थानकापासून हे चालत दहाएक मिनिटांवर आहे.

२४ आणि २५ तारीख सरळ टाळा. नाताळच्या रोषणाईसाठी गर्दी लोटते, संध्याकाळी रस्ता गाड्यांना बंद करतात आणि टॅक्सी दारापर्यंत येत नाही. वयस्कर माणसांसाठी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातला मंगळवार किंवा बुधवार उत्तम. टेबल राखताना तीन गोष्टी फोनवरच विचारा: आज गायक आहे की नुसता पियानो, पहिला सेट (सलग गाण्यांची फेरी) किती वाजता, आणि स्पीकर कुठे आहेत.

शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण संध्याकाळ त्यावरच ठरते. हौसेनं स्टेजसमोरचं टेबल घेणारे बहुतेक जण पश्चात्ताप करतात. स्पीकरांचा रोख प्रेक्षकांकडे असतो, त्यामुळे पहिल्या दोन रांगांत शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नाही. तिसऱ्या-चौथ्या रांगेतलं, स्पीकरच्या सरळ रेषेबाहेरचं, भिंतीलगतचं टेबल मागा. वडिलांना स्टेजकडे पाठ करून बसवा. श्रवणयंत्रातले दिशादर्शक माइक समोरचा आवाज जास्त पकडतात; समोर आई असेल तर तिचं बोलणं नीट कळेल. यंत्रात संगीतासाठी किंवा गोंगाटासाठी वेगळी सोय असेल, तर ती कशी बदलायची हे घरीच शिकून घ्या.

बँड सलग वाजवत नाही. साधारण पाऊण तासाचा सेट, मग विश्रांती. म्हणून पहिल्या सेटच्या अर्धा तास आधी पोहोचा, सूप आणि मुख्य पदार्थ दोन्ही तेव्हाच सांगून टाका, आणि मुख्य पदार्थ विश्रांतीत आणायला सांगा. सेट चालू असताना ऑर्डर देणं म्हणजे वेटरच्या कानात ओरडणं. चुकीचा पदार्थ येतो तो याच वेळी. फर्माईश करायची तर दोन सेटच्या मध्ये, चिठ्ठीवर, गाण्याच्या पहिल्या ओळीसकट द्या.

घरी मांसाहार नाही. अशा जुन्या ‘काँटिनेंटल’ जागी आम्ही काय खावं? – एक वाचक, सांगली

व्हेजिटेबल ओ ग्रातँ (पांढऱ्या सॉस-चीजमध्ये भाजलेल्या भाज्या) किंवा पालकाची कॅनेलोनी (सारण भरलेल्या पास्त्याच्या नळ्या) बहुतेक ठिकाणी असते. मात्र नुसतं ‘व्हेज’ वाचून थांबू नका. व्हेज सूपमध्ये चिकनचा स्टॉक, रशियन सॅलडच्या मेयोनेजमध्ये अंडं, सूफ्लेत जिलेटिन आणि वूस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा असू शकतो. ही चार नावं घेऊन विचारा. ‘प्युअर व्हेज आहे का?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर मिळतं.

मासे चालणाऱ्यांना एक सांगणं: तिथली भेटकी म्हणजे आपला जिताडा. बाकी सगळं सोडून ती घ्या.

चिकन आ ला कीव्ह कापताना लोणी शर्टवर उडतं. काय चुकतं? – एक वाचक, डोंबिवली

सुरी मध्यभागी उभी खुपसली जाते. ठेचून पातळ केलेल्या चिकनच्या छातीत गारठवलेल्या लोण्याची कांडी गुंडाळतात, अंडं आणि ब्रेडचा चुरा दोनदा लावून तळतात. आत लोणी वितळतं, वाफ कोंडते आणि भोक पडलं की दोन्ही एकदम बाहेर येतात. ताट आल्यावर दोन मिनिटं थांबा. जाड टोकाला काट्यानं एक छिद्र पाडा, तेही स्वतःच्या विरुद्ध बाजूला. वाफ गेली की सुरी आडवी धरून टोकाकडून कापा.

कापल्यावर लोणीच नसेल, तर आवरण तडकून ते कढईत गेलं आहे. मांस कोरडं लागेल. लोणी घट्टच असेल तर आतलं चिकन कच्चं असण्याची शक्यता दाट. दोन्ही वेळा ताट परत पाठवा, संकोच नको.

मुंबईत चर्चगेटला असे बँड होते म्हणतात. ते का गेले? – एक वाचक, पुणे

होते, आणि त्यांतले बरेच वादक गोव्याचे होते. चर्चच्या शाळेत मेस्त्रेकडून, म्हणजे संगीतशिक्षकाकडून, सोल्फेज (डो-रे-मी स्वरवाचन) शिकलेली ही मंडळी नोटेशन सहज वाचत. त्यामुळे दिवसा हिंदी चित्रपटांचं ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेल, अशी त्यांची दुहेरी कमाई चाले. अ‍ॅस्टोरियाच्या ‘व्हेनिस’मध्ये ख्रिस पेरीचा बँड आणि गायिका लोर्ना, अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलमध्ये टोनी पिंटोचा बँड. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या काळातही गिऱ्हाईक येत होतं, हे विशेष. पुढे डिस्को आणि कॅसेट आली. पाच-सहा जणांच्या पगारापेक्षा यंत्र स्वस्त पडू लागलं. कोलकात्यात त्यावर करमणूक कराचा बोजा आणि सत्तरच्या दशकातली राजकीय अशांतता, वीजकपात यांची भर पडली. चर्चगेटचं गेलॉर्ड आजही चालू आहे. व्हरांड्यात बसून खायला जरूर जा, पण बँडच्या आशेनं नको.

बिलात दहा टक्के सेवाशुल्क लावलं. द्यावंच लागतं का? – एक वाचक, ठाणे

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सक्ती करू नये असं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. साध्या रेस्तराँत जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, म्हणजे २,००० रुपयांच्या जेवणावर १०० रुपये. मद्यावर जीएसटी नाही, राज्याचा वेगळा कर असतो, म्हणून दोन्हींच्या रकमा वेगळ्या तपासा. शुल्क काढलंत तर वेटरला रोख बक्षिशी द्या, आणि बँडची वेगळी द्या. वेटरच्या पैशातलं बँडला मिळेलच असं नाही.