वाचकांचे प्रश्न : आपल्या काळातले गाणे

प्रश्न : माझी मुलगी रोज नव्या गाण्यांचे व्हिडिओ हौसेने दाखवते. माझ्या आवडीचे तिला काय दाखवावे?

उत्तर : आधी तिचे गाणे शेवटपर्यंत पाहा आणि त्यातले नेमके काय भावले, ते तिला विचारा. मग १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर प्रथम दाखवलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ लावा. पंडित भीमसेन जोशी भैरवीत आरंभ करतात आणि तोच सूर भाषा, वाद्ये, गायक बदलत, नद्या-समुद्र ओलांडत अखेरीस लता मंगेशकरांपर्यंत कसा पोहोचतो, याकडे तिचे लक्ष वेधा. या चालीमागे आपले अशोक पत्की आहेत, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो. दुसऱ्यांदा मात्र दोघांनी डोळे मिटून केवळ ऐकावे.