सेप्टिन: ना सात, ना सडकं

शेजारच्यांची नात सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने विचारलंय: ‘काका, “सेप्टिन हे पेशीचा सांगाडा आणि पेशीपटल यांना जोडणारा दुवा आहेत” हे वाक्य बरोबर आहे का? आणि सेप्टिन हा शब्द सेप्टिकवरून आला की सप्तवरून?’

सेप्टिन ही पेशीतली धागे बनवणारी प्रथिनं. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यावरून माझं डोकं आधीच तापलंय. परवा इथे बडोद्यात, दांडिया बाजारात एका व्याख्यानात वक्त्यांनी सेप्टिनचं सरळ ‘सप्तप्रथिन’ करून टाकलं. सात आणले कुठून? माणसात सेप्टिनची जनुकं १३. ही प्रथिनं सहा-सहा किंवा आठ-आठ मिळून एक काडी बनवतात आणि काड्या टोकाला टोक जोडून धागा होतो. साताचा हिशेब कुठेच लागत नाही. चहाच्या वेळी हे बोललो, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, ‘मग सेप्टिक टँकमधलं असेल.’

अहो, ही तीन वेगळी घराणी आहेत. लॅटिन ‘सेप्टेम’ म्हणजे सात, आपल्या सप्तची बहीण. सप्टेंबर त्या घरचा. ग्रीकमध्ये कुजण्याचं एक क्रियापद आहे, सेप्टिक आणि अँटिसेप्टिक त्याच्या पोटचे. तिसरं घराणं लॅटिन ‘सेपेस’चं. सेपेस म्हणजे कुंपण. त्यावरून सेप्टम, म्हणजे कुंपण घातलेली जागा, मग आडवा पडदा. नाकातला, हृदयातला तो सगळ्यांना माहीत आहे, तिथे थांबत नाही. सेप्टिन या घरचं.

नाव पडलं ते यीस्टमुळे. यीस्टला कोंब फुटतो, तेव्हा आई आणि कोंब यांच्यामध्ये एक बारीक मान असते. १९७०च्या सुमारास लेलंड हार्टवेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तापमान वाढवलं की विभाजन अडणारे यीस्ट शोधून काढले. त्यातल्या चार जनुकांत बिघाड असला की आई आणि कोंब वेगळे होतच नाहीत. १९७६मध्ये त्या मानेभोवती सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या धाग्यांचं कडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. मध्ये पडदा घालण्यात मदत करणारी प्रथिनं, म्हणून सेप्टिन.

आता गंमत ऐका. रोममध्ये मतदारांना मतदानासाठी ज्या आवारात उभं करत, त्याचं नाव सेप्टा. त्याच जागेचं दुसरं नाव होतं ‘ओविले’, म्हणजे मेंढवाडा! आपल्याकडेही हेच झालंय. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार. त्यावरून वाडा, वाडी आणि इथल्या गुजरातीतली वाड. वाडा म्हणजे मुळात सरदाराचं घर, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. साफ चूक. वाड्यात आधी गुरं आली, सरदार फार उशिरा. सेपेस आणि वाड यांचं रक्ताचं नातं नाही, तसं कोणी माझ्या नावावर खपवू नये. पण अर्थ दोन्हीकडे एकाच वाटेने चाललाय.

आणि वाड फक्त अडवत नाही. खंडेराव मार्केटमध्ये मी ज्या बाईंकडून टिंडोरां घेतो (आपली तोंडली), त्या भाव कमी करायला सांगितलं की म्हणतात, ‘काका, वाड विना वेलो ना चढे.’ सेप्टिनचं अख्खं काम या म्हणीत आलं. यीस्टच्या मानेशी सेप्टिन पेशीपटलातली, म्हणजे पेशीच्या आवरणातली, प्रथिनं इकडची तिकडे सरकू देत नाही. ही झाली अडवणारी वाड. पण पटलाच्या आतल्या अंगाला ऋणभाराचे मेदरेणू असतात, त्यांना सेप्टिनची धनभाराची बाजू चिकटते, आणि दुसरीकडून पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे सेप्टिनला धरतात, कधी थेट, कधी अ‍ॅनिलिन नावाच्या मध्यस्थामार्फत. हा झाला वेल. पटल जिथे बाकदार, तिथे सेप्टिन विशेष जमतं. आणि शिगेला नावाचा आमांशाचा जिवाणू पेशीत शिरून अ‍ॅक्टिनच्या जोरावर पळायला लागला, की सेप्टिन त्याच्याभोवती पिंजरा उभारतं. त्याला कोंडवाडा सोडून दुसरा शब्द नाही.

आमच्या सयाजीराव महाराजांनी कारभाराच्या शब्दांसाठी १९३१मध्ये ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ काढला, त्यात इंग्रजी शब्दाशेजारी गुजराती, मराठी, संस्कृत अशा कितीतरी भाषांचे प्रतिशब्द मांडले. शेजारच्या भाषेत डोकावून शब्द निवडायची ती सवय आता गेली. आता शिकवणीवाले सेप्टमलाही पटल म्हणतात आणि मेम्ब्रेनलाही पटल. मग ‘पटल पटलाला चिकटतं’ असं वाक्य पोराने वाचायचं आणि समजलं म्हणायचं.

हां, तुझा दुवा राहिलाच. दुवे दोन. एक अरबी, आशीर्वाद. दुसरा साखळीतला, तो माझ्या मते ‘दोन’वरून, पत्त्यातल्या दुव्याचा सख्खा भाऊ. आमच्या मंडळातले एक जाणकार दोन्ही एकच मानतात. त्यांना माझा पहिल्या प्रकारचा दुवा. तुझं वाक्य चालेल, फक्त ‘हे दुवा आहेत’ कानाला खुपतं, ‘दुव्याचं काम करतात’ असं कर. मी ‘वाड’ लिहिलं असतं, पण माझे गुण कापले तर मला काय फरक पडतो.