ओळख पटवायची कशी? पडद्यावरची यंत्रं आणि वाचकांचे प्रश्न

दशावतारात पुरुष स्त्रीपार्ट करतो आणि समोर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आणतो. त्याला आपण कला म्हणतो. यंत्र माणसासारखं बोललं की त्याला फसवणूक का म्हणायचं?
– एक वाचक, कुडाळ

तुमचा प्रश्न थेट ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंगपर्यंत पोचतो. यंत्र विचार करतं का हे तपासायला १९५० साली त्यांनी जो खेळ सुचवला, त्याच्या सुरुवातीला यंत्र नव्हतंच. पडद्याआड एक पुरुष आणि एक बाई, दुसऱ्या खोलीत प्रश्न विचारणारा, आणि उत्तरं टाइप करून येणार. दोघांतली बाई कोण हे त्याने ओळखायचं, पुरुषाने त्याला चकवायचं. मग ट्युरिंग म्हणतात, आता या पुरुषाच्या जागी यंत्र बसवा. सुमारे पन्नास वर्षांत, पाच मिनिटांच्या सवालजबाबानंतर सामान्य माणसाला बरोबर ओळखण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त उरणार नाही, असा त्यांचा अंदाज होता.

दशावतारात अशी आडभिंत नसते. द्रौपदी झालेला नट कुठल्या वाडीतला, हे समोरच्यांना ठाऊक असतं. ठाऊक असूनही रडू येतं. ॲलेक्स गार्लंडच्या ‘एक्स मॅकिना’ या चित्रपटाने (२०१४) ट्युरिंगची भिंत नेमकी अशीच पाडली. त्यात केलेब हा तरुण एव्हा या बाईच्या रूपातल्या यंत्राची परीक्षा घ्यायला येतो. एव्हाचे हात, पोट पारदर्शक आहेत, आतली यंत्रणा दिसते. ती यंत्र आहे हे केलेबला पहिल्या भेटीपासून माहीत आहे. तरीही तिला मन आहे असं वाटतं का, हीच परीक्षा. म्हणजे ही चाचणी ट्युरिंगच्या खेळापेक्षा दशावताराला जवळची.

मग फसवणूक कुठे आहे? चित्रपट दुसऱ्यांदा बघताना वहीत दोन रकाने पाडा: प्रश्न कोणी विचारला आणि उत्तर कोणी दिलं. पहिल्या भेटीत विचारणारा केलेब असतो. दुसऱ्या भेटीपासून एव्हा त्याला विचारू लागते आणि पाचव्या भेटीत तर परीक्षा सरळ त्याचीच होते. परीक्षक म्हणून आलेला माणूसच तपासला जात होता, हे त्याला शेवटी कळतं. नाटकात खेळ चालू आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, इथे एकालाच. आमच्या मते रेषा इथे ओढावी. नक्कल किती हुबेहूब आहे, यावर नव्हे.

वाचनालयात या विषयावर चित्रपट दाखवून चर्चा घ्यायची आहे. आठवीपासूनची मुलं आणि ज्येष्ठ, दोघंही येतील. काय दाखवावं?
– वाचनालयाचे कार्यकर्ते, दापोली तालुका

‘एक्स मॅकिना’ आणि ‘हर’ (माणूस संगणकातल्या आवाजाच्या प्रेमात पडतो तो चित्रपट) मिश्र गटाला नकोत, दोन्हींतली काही दृश्यं प्रौढांसाठीच आहेत. ‘वॉल-ई’ (२००८) घ्या. लांबी ९८ मिनिटं, आणि पहिला जवळपास अर्धा तास संवाद फारसे नाहीत, त्यामुळे इंग्रजीची अडचण येत नाही. माणसांना पृथ्वीवरून घेऊन गेलेल्या अंतराळजहाजाचा स्वयंचलित चालक ‘ऑटो’ कप्तानाला पृथ्वीवर परतू देत नाही, तिथे थांबवा आणि विचारा: ऑटो दुष्ट आहे का? तो जवळपास सातशे वर्षं जुना हुकूम पाळतोय. ज्या परिस्थितीसाठी हुकूम दिला होता ती बदलली, पण हुकूम मागे घ्यायला कोणी उरलं नाही. आजच्या यंत्रांबद्दलची खरी काळजी पुष्कळदा हीच असते. यंत्र चिडेल ही नाही, नेमकं सांगितलं तेवढंच करत राहील ही. या एका प्रश्नाला वीस मिनिटं सहज लागतात, तेवढी ठेवा.

फक्त मोठ्यांचा गट असेल तर ‘ब्लेड रनर’ (त्यात नायक माणसांत मिसळलेली कृत्रिम माणसं हुडकतो), पण आवृत्ती आधी तपासून घ्या. १९८२च्या प्रतीत नायकाचं निवेदन आणि गोड शेवट आहे. १९९२ आणि २००७च्या प्रतींत दोन्ही नाहीत. उलट एकशिंगी घोड्याचं स्वप्न आहे, ज्यामुळे नायक स्वतःच माणूस आहे का, ही शंका उभी राहते. अर्ध्यांनी घरी एक प्रत आणि अर्ध्यांनी दुसरी पाहिली असेल, तर चर्चा भलत्याच वादात अडकते.

परवानगीचं विसरू नका. घरगुती ओटीटी खात्यावरून जाहीर खेळ करता येत नाही, हक्कधारकाची लेखी संमती लागते. शाळेने स्वतःच्या कार्यक्रमात फक्त विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संबंधित मंडळींना दाखवला तर कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. वाचनालयाच्या खुल्या खेळाला ती लागू होत नाही. पावसाळ्यात प्रोजेक्टर यूपीएसवरच लावा. अचानक वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा खराब होतो.

आई गेली. तिच्या व्हॉइस नोट आहेत. भाचा म्हणतो, एआयने तिच्याच आवाजात गणपतीचं आवतण करून देतो. ऐकणारे म्हणतील, हीच ती. मन धजावत नाही.
– एक वाचक, गुहागर

‘हर’चं (२०१३) चित्रीकरण सुरू असताना त्यातल्या समँथा या संगणकी पात्राचा आवाज समँथा मॉर्टन या अभिनेत्रीचा होता. संकलनाच्या वेळी तो काढून स्कार्लेट जोहान्सनचा घातला गेला. नायकाचा चेहरा एका आवाजाला प्रतिसाद देतो, आपण दुसराच ऐकतो, आणि सांधा जाणवत नाही. ऐकणाऱ्याचं मन उरलेलं माणूस स्वतःच भरून काढतं. ‘हीच ती’ हे उद्गार त्यातूनच येतील.

आवाजाची जात यंत्र थोड्याशा नमुन्यावरून उचलतं. पण आई कुठे थांबायची, कुठला शब्द अर्धा गिळायची, तिचा हेल, हे बहुधा हुकतं, कारण यंत्र शिकलेलं असतं ते मुख्यतः छापील वळणाच्या बोलण्यावर. म्हणून आधी मूळ नोट जपा: फोनमधून जशाच्या तशा संगणकावर उतरवा, एमपीथ्री करू नका (दर रूपांतरात आवाज थोडा झिजतो), नावात तारीख आणि प्रसंग लिहा, दोन ठिकाणी ठेवा. भाच्याने काही बनवलंच, तर फाइलच्या नावाची सुरुवात ‘कृत्रिम’ या शब्दाने करा, नाहीतर दहा वर्षांनी घरातल्यांनाच फरक कळणार नाही. आवतण मात्र तुमच्याच आवाजात जाऊ द्या. चाकरमान्यांना बोलावणारं आता घरात कोण आहे, हे त्यांना कळायला हवं.

याच तंत्राने नातलगाच्या आवाजात पैसे मागणारे फोन येतात. फोन ठेवा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरावर स्वतः लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा.

‘ब्लेड रनर’मध्ये आठवणी म्हणजेच माणूस, असं दिसतं. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे, ते मला ओळखत नाहीत. मग ते कोण उरले?
– एक वाचक, देवगड

चित्रपट पुन्हा बघा, तो असं म्हणत नाही. रेचल ही कृत्रिम स्त्री. कृत्रिम माणूस ओळखायच्या चाचणीत एरवी वीस-तीस प्रश्नांत निकाल लागतो, तिला शंभराहून अधिक लागतात, कारण तिला स्वतःलाच ठाऊक नाही. तिच्या आठवणी तिला घडवणाऱ्याच्या पुतणीच्या आहेत. हे तिला सांगितलं जातं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी येतं. आठवणी उसन्या, पण ते दुःख तिचं स्वतःचं. नायक ज्या निर्दयपणे तिला ते सांगतो, त्याची लाज आपल्याला वाटते. चाचणीत ती नापास झाली आणि तरीही ती ‘कोणीतरी’ आहे, हे त्या दृश्यात उघड दिसतं.

वडिलांची चाचणी घेणं थांबवा. ‘मी कोण, सांगा बघू’ हा प्रश्न ते हरतात, आणि काय हरलो ते विसरले तरी हरल्याची बेचैनी मागे राहते. समोरून, त्यांच्या नजरेच्या उंचीला बसून, ‘बाबा, मी तुमचा अमुक’ असं आपणच सांगा. एका वेळी एकच वाक्य बोला आणि उत्तराला वेळ द्या. ‘कलमांना मोहर आलाय’ असं म्हणून बघा. त्याला उत्तर आलं तर ऐकत राहा, नाही आलं तर हात धरून बसा. नाव विचारू नका.