सव्य, अपसव्य आणि डावललेली गाय

प्रश्न असा आहे: ‘अव्यापसव्य’ बरोबर की ‘सव्यापसव्य’? आणि सव्य म्हणजे उजवं ना?

सव्यापसव्य. ते ‘अव्या’ गेल्या आठवड्यात मी तीनदा ऐकलं, त्यात एकदा केवायसीसाठी रांगेत उभं असताना, आणि दर वेळी दात आवळले. ‘अव्यापार’ची शेपटी त्याला चिकटली असावी असा माझा अंदाज. ‘नसती उठाठेव’ हा अर्थ सगळ्यांना माहीत असतो, त्यावर वेळ घालवत नाही.

आणि सव्य म्हणजे डावं. अमरकोश उघडा: डावं अंग ते सव्य, उजवं ते अपसव्य. अर्जुन सव्यसाची, कारण तो डाव्या हातानेही बाण मारी. घोटाळा होतो तो जानव्यामुळे. देवकार्यात जानवं डाव्या खांद्यावरून उजव्या काखेखाली, हे सव्य. पितरांसाठी उजव्या खांद्यावर, हे अपसव्य. गुरुजी सारखे ‘सव्य करा’, ‘अपसव्य करा’ म्हणत असतात. आमच्या घरच्या श्राद्धाला धाकटा भाऊ एका हातात दर्भ, दुसऱ्या हातात पळी धरून दहाव्यांदा जानवं फिरवताना पार गुंडाळला गेला होता. शब्दाचा अर्थ तिथे डोळ्यांनी दिसतो. आता सव्य शुभ, उजवंही शुभ, म्हणून लोकांनी दोन्ही एकच करून टाकलं. नाव खांद्यावरून पडलंय हो, काखेवरून नाही!

मराठी ‘उजवा’ मात्र सरळ माणूस आहे, अगदी शब्दशः. संस्कृत ऋजु, प्राकृत उज्जु, जुन्या मराठीत उजू म्हणजे सरळ, त्यावरून उजवा. ‘उजेड’शी त्याचं नातं जोडणाऱ्यांनी कृपया थांबावं. डाव्याला असलं कुळ नाही. जैन वैयाकरण हेमचंद्राने बाराव्या शतकात देशी, म्हणजे संस्कृतातून न आलेले, शब्द गोळा केले, त्यांत डाव्या हाताला ‘डव्व’ म्हटलंय. हिंदीतला ‘दायाँ’ म्हणजे उजवा, तो संस्कृत ‘दक्षिण’ (उजवा) या शब्दावरून आलेला. आपल्या ‘डावा’शी त्याचा काही संबंध नाही. मुंबईत रिक्षावाल्याला ‘डावीकडे’ सांगून उजव्या गल्लीत पोचलेल्यांना हे कळेल.

पण खरी गंमत ‘डावलणे’त आहे. बढतीत डावललं, तिकीटवाटपात डावललं, असं आपण रोज म्हणतो आणि त्यातला डावा हात कुणाला दिसत नाही. देऊळ, गाय, पिंपळ यांना आपल्या उजव्या हाताला ठेवून जायचं, म्हणूनच ती प्र-दक्षिणा. डाव्या हाताला टाकून पुढे गेलात की डावललंत. माझ्या मते हा शब्द मुळात रस्त्यावरचा, कचेरीत तो नंतर शिरला. कालिदासाच्या रघुवंशातला दिलीप राजा आठवा: इंद्राकडून परतताना घाईत होता, वाटेत कल्पतरूखाली सुरभी बसलेली, प्रदक्षिणा घालायची राहून गेली. गाईने शाप दिला आणि राजाला मूल होईना. पुढे तिच्या लेकीच्या, नंदिनीच्या मागे तो रानोरान हिंडला. डावलण्याचा एवढा दंड दुसऱ्या कुणी भरल्याचं मला आठवत नाही.

नेमकं इथेच काही विद्वान उडी मारतात: बघा, म्हणूनच मूल झालं की ‘कूस उजवली’, म्हणूनच लग्न लावून दिलं की ‘मुलगी उजवली’, सगळं उजव्या हाताचं शुभ! एका व्याख्यानात हे ऐकून मी उठून गेलो होतो. अहो, हे ‘उजवणे’ उद्यापनातून आलंय. व्रत उजवतात, सोळा सोमवार उजवतात, तेच हे. घेतलेलं तडीस नेलं की ते उजवलं. त्यात उजवा हात शोधायचा तर सोमवारांनाही हात फुटायला हवेत.