मिठाच्या एका थेंबावर वर्ष घालवू का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्रकल्पासाठी सरांनी आयनिक लिक्विडचं गेट असलेल्या ऑक्साइड ट्रान्झिस्टरचा विषय सुचवलाय. मला तो आवडला, पण याला पुढे नोकरी आहे का, असं घरी विचारतात. शिवाय रसायनशास्त्र माझं कधीच सुटलंय. घेऊ का?

उत्तर : घे. पण कशासाठी घेते आहेस ते आधी नीट समजून घे, म्हणजे घरी सांगताना अडखळणार नाहीस.

आयनिक लिक्विड म्हणजे साध्या तापमानालाही द्रवच राहणारं मीठ. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटखाली (गेट म्हणजे ज्याला व्होल्टेज देऊन प्रवाह कमी-जास्त करायचा ते टोक) घन निरोधक थर असतो, इथे त्याच्या जागी या मिठाचा थेंब. व्होल्टेज दिलं की मिठातले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सरकत ज्यातून प्रवाह वाहतो त्या ऑक्साइडच्या पृष्ठभागाला जाऊन भिडतात आणि त्यांच्यासमोर इलेक्ट्रॉन गोळा होतात. मधलं अंतर जेमतेम 1 नॅनोमीटर. त्यामुळे धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) चौरस सेंटिमीटरला साधारण 10 मायक्रोफॅरड मिळते. सिलिकॉन डायऑक्साइड या नेहमीच्या निरोधकाच्या 300 नॅनोमीटर थराची असते सुमारे 0.0115 मायक्रोफॅरड. वही काढ आणि हिशोब कर : 3 व्होल्टला जेवढे इलेक्ट्रॉन इथे जमतात, तेवढे त्या थरातून जमवायला अडीच हजारांहून जास्त व्होल्ट लागतील. थर त्याच्या कितीतरी आधी फुटेल. मला तर हा हिशोब आजही थक्क करतो.

आता खरी गोम. ऑक्साइडची वाहकता वाढली, ती समोर इलेक्ट्रॉन जमले म्हणून, की त्या जबर विद्युतक्षेत्रानं ऑक्साइडमधला ऑक्सिजनच ओढून काढला म्हणून? व्हॅनेडियम डायऑक्साइडवर हा वाद चांगलाच रंगला. 2012 मध्ये एका जपानी गटानं वाहकता वाढण्याचं श्रेय पृष्ठभागावर जमलेल्या विद्युतभाराला दिलं. 2013 मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की द्रव पुसून टाकला तरी पदार्थ बदललेलाच राहतो, म्हणजे ऑक्सिजन निघून गेलाय. वाहकतेचा आलेख दोन्ही अर्थांनी सारखाच देखणा दिसतो! आपल्याच देखण्या आलेखावर शंका घेऊन ती तपासायचा मार्ग शोधणं तुला इथे शिकायला मिळेल, आणि माझ्या मते या विषयाची सगळ्यात मोठी कमाई तीच आहे. गेट शून्यावर आणल्यावर वाहकता परत जागेवर येते का? थेंब धुतल्यावर? ऑक्सिजनच्या वातावरणात तोच प्रयोग केल्यावर? गेटमधून गळणारा प्रवाह किती?

रसायनशास्त्राची भीती बाळगू नकोस, पण ते टाळूही नकोस. हे द्रव हवेतलं पाणी ओढून घेतात, आणि त्या पाण्याचं विघटन झालं की तुझं मापन ट्रान्झिस्टरचं उरतच नाही. वापरण्याआधी द्रव निर्वातात तापवून सुकवणं हे रोजचं काम होईल. विद्युत-रसायनशास्त्राची दोन-तीन प्रकरणं मन लावून वाच, सुरुवातीला तेवढं पुरे.

नोकरीचं स्पष्ट सांगते. फक्त आयनिक लिक्विड गेट येतं म्हणून कुणी नोकरीवर घेईल, ही आशा ठेवू नकोस. आयन जड असतात, सावकाश हलतात, त्यामुळे प्रोसेसरच्या वेगाशी यांची स्पर्धाच नाही. हे मुख्यतः संशोधनाचं हत्यार आहे. मात्र ऑक्साइड ट्रान्झिस्टरचं तसं नाही : इंडियम-गॅलियम-झिंक ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर आज ओएलईडी टीव्हीच्या पडद्यामागे काम करतात. पातळ थर बसवणं, लिथोग्राफी (थरावर सूक्ष्म आकार उमटवणं), हॉल मापन (चुंबकक्षेत्र लावून इलेक्ट्रॉनांची संख्या काढणं), कमी तापमानाची मापनं, ही कौशल्यं डिस्प्ले, सेन्सर, सेमीकंडक्टर सगळीकडे लागतात. पीएच.डी.कडे जायचं असेल तर बैठक पक्की होईल.

होकार कळवण्याआधी सरांना तीन गोष्टी विचार : प्रयोगशाळेत ग्लोव्ह बॉक्स (बाहेरची हवा-पाणी आत न येऊ देणारी बंद पेटी) किंवा निर्वातात मापन करायची सोय आहे का, ऑक्साइडचे थर तू स्वतः बनवणार की तयार मिळणार, आणि क्रायोस्टॅटवर (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या यंत्रावर) तुला हात बसवू देतील का. थर तयार मिळणार असतील आणि मापन दुसराच कुणी करणार असेल, तर सरांकडे दुसरा विषय माग.