लेक म्युनिकला, आईबाप मानेवाड्याला: विमा आणि पेन्शनचे दोन प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगा म्युनिकला जाऊन चार वर्षं झाली, त्याआधी सहा वर्षं इथेच मिहानला आयटी कंपनीत होता. सून सध्या घरीच असते, नात तिकडेच झाली, दोन वर्षांची आहे. तिथला एक एजंट मुलाच्या मागे लागलाय की सरकारी हेल्थ इन्शुरन्स सोड, प्रायव्हेट घे, स्वस्त पडेल. आणि पगारातून पेन्शनचे एवढे पैसे कापतात, उद्या नागपूरला परत आला तर ते बुडणार का? इथली फॅमिली पॉलिसी पण बंद करतो म्हणतो, त्यात आम्ही दोघं पण आहोत, मी ६४ ची आणि हे ७१ चे.

उत्तर: काकू, आधी शेवटचं सांगते कारण तेच सगळ्यात अर्जंट आहे. इथली पॉलिसी बंद करू देऊ नका. जुन्या आजारांसाठी कंपन्या जास्तीत जास्त तीन वर्षांचा वेटिंग पिरियड लावू शकतात आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारता येत नाही, फ्रॉड सिद्ध झाला तरच. ही वर्षं तुम्ही प्रीमियम भरून कमावली आहेत, पॉलिसी तुटली की परत शून्यापासून, आणि ते पण या वयात, बीपी-शुगर लिहून. मुलाला स्वतःचं नाव काढायचंच असेल तर कंपनीला आधी मेलवर विचारा की आम्हा दोघांना हीच कंटिन्युइटी ठेवून पॉलिसी मिळेल का, आणि लेखी उत्तर आल्याशिवाय काही हलवू नका. काकांचं ७० च्या वरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड पण काढून घ्या, आधार लागतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. फक्त आपलं धंतोली-रामदासपेठेतलं नेहमीचं हॉस्पिटल त्या यादीत आहे का ते आजारी पडायच्या आधी बघून ठेवा.

आता म्युनिक. माझं स्पष्ट मत आहे की या घरानं सरकारीच ठेवावं. तिथे सरकारी विम्याचा हप्ता पगारावर ठरतो, १४.६ टक्के आणि वर त्या क्रांकनकासेचा (म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विमा संस्थेचा) थोडा जादा, त्यातलं अर्धं कंपनी भरते, आणि त्याच हप्त्यात न कमावणारी बायको आणि लेकरू फुकट कव्हर होतात. प्रायव्हेटमध्ये हप्ता वय आणि तब्येत बघून ठरतो आणि माणशी वेगळा लागतो. एजंट जो आकडा दाखवतोय तो बहुतेक एकट्या मुलाचा असेल, त्याला म्हणावं तिघांचा एकत्र आकडा कागदावर लिहून दे. शिवाय प्रायव्हेटला जायला पगार पण एका मर्यादेच्या वर लागतो (२०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो) आणि वयाच्या ५५ नंतर सरकारीत परत यायचा रस्ता जवळपास बंद होतो.

पेन्शनचे पैसे बुडत नाहीत. पगाराच्या १८.६ टक्के जातात, अर्धे मुलाचे, अर्धे कंपनीचे. तिथली पेन्शन लागायला ६० महिन्यांचे हप्ते भरलेले लागतात, त्याचे ४८ झालेच आहेत, आणि १ मे २०१७ पासून भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार लागू आहे त्यामुळे इथली पेन्शनची वर्षं पण पात्रतेसाठी धरतात, पैसे मात्र ज्या देशात भरले तोच देश आपापल्या हिश्श्याचे देतो. नागपूरला बसून जर्मन पेन्शन घेता येते. लोक काय करतात, ६० महिन्यांच्या आत देश सोडतात आणि २४ महिन्यांनी पैसे परत मागतात. मिळतात, पण फक्त स्वतःचा वाटा, कंपनीचा नाही, आणि तिथला हक्क कायमचा संपतो. माझ्या मते परत मागू नयेत.

त्याला एक विचारा, मिहानची नोकरी सोडल्यावर पीएफसोबत ईपीएसचे (पीएफमधल्या पेन्शन स्कीमचे) पैसे पण काढले का? पासबुकात पेन्शनचा वेगळा रकाना असतो तो बघा. तिथे पैसे असतील तर काढू नका, फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे ती वर्षं नोंदलेली राहतात. रक्कम मोठी नाही, पगाराच्या १५,००० च्या मर्यादेवर सहा वर्षांची पेन्शन महिन्याला १,२८५ रुपयांच्या आसपास होते, पण त्या सहा वर्षांचं वजन करारात आहे.

आणि काकू, सुनेच्या पेन्शनबद्दल तुम्ही विचारलंच नाही, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जर्मनीत लेकरू सांभाळलं तर जन्मानंतरची पहिली तीन वर्षं आईच्या पेन्शन खात्यात भरल्यासारखी धरतात, एक रुपया न भरता. तिथली पेन्शन पॉइंटवर ठरते, सरासरी पगारावर वर्षाला एक पॉइंट मिळतो, या तीन वर्षांचे पण साधारण तीन, आणि जुलै २०२५ च्या दरानं एका पॉइंटचे महिन्याला ४०.७९ युरो, म्हणजे तिच्या स्वतःच्या नावावर १२२ युरोच्या आसपास. पण हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. ३६ महिने नातीचे, उरलेले २४ तिनं पुढे नोकरी करून भरले की तिची स्वतःची पेन्शन उभी राहते. तिनं इथे पीएफवाली नोकरी केली असेल तर ते कागद पण शोधा.

प्रश्न: ताई, मी कामठीचा, दुबईत इलेक्ट्रिशियन आहे. बायको-पोरगा आता इकडे आणतोय. कंपनीचा विमा त्यांना चालेल का? आणि पेन्शनचं काय?

उत्तर: भाऊ, दुबईत कंपनीवर फक्त तुमच्या विम्याची सक्ती आहे. बायको-पोराच्या व्हिसाचे स्पॉन्सर तुम्ही, म्हणून त्यांचा विमा तुम्हालाच काढावा लागेल, तो खर्च पकडूनच त्यांना आणायचं ठरवा. कंपनी आपणहून देत असेल तर ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. घेताना बाळंतपण आणि जुने आजार कव्हर आहेत का ते आधी वाचा.

पेन्शन तिथे आपल्याला नाही, नोकरी सोडताना एकरकमी मिळणारी ग्रॅच्युइटी आहे, पहिली पाच वर्षं दरवर्षी २१ दिवसांचा बेसिक आणि नंतर ३० दिवसांचा. बेसिक ३,००० दिरहम असेल तर वर्षाचे २,१०० झाले, पाच वर्षांचे १०,५००. अलाउन्स त्यात धरत नाहीत, तेव्हा नवा करार करताना एकूण पगार सोडून बेसिक किती ते बघा. म्हातारपणाची सोय इथेच करायची आहे. एनआरआयला नवीन पीपीएफ उघडता येत नाही, जुनं असेल तर मुदतीपर्यंत भरा. एनपीएसचं (राष्ट्रीय पेन्शन योजनेचं) टियर १, म्हणजे मुख्य पेन्शन खातं उघडता येतं, एनआरई खात्यातून (परदेशी कमाईचं इथलं बँक खातं) दर महिन्याला ठरावीक रक्कम जाऊ द्या आणि नॉमिनी म्हणून बायकोचं नाव आधार-पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट टाका.