बाकं हलवायची की भंगारात घालायची?

प्रश्न : सर, सिंहगड रोडला आमची मराठी माध्यमाची शाळा आहे. माझ्याकडे पाचवी, 42 मुलं आणि तीच ती लोखंडी जोडबाकं. संस्थेतले एक जण कुठलीशी इंटरनॅशनल स्कूल बघून आले, आता म्हणतायत सगळी बाकं काढा, चाकांची टेबलं आणा, बीन बॅग आणा, मुलं आवडेल तिथे बसतील. पालकांकडून वर्गणी काढायचं चाललंय. दुपारी याच खोलीत आठवी भरते. मलाही गटात शिकवायचंय, पण एवढा खर्च हवाच का?
– एक शिक्षिका, पुणे

उत्तर : ताई, वर्गणीची पावती फाडायच्या आधी एक टेप घ्या आणि खोली मोजा. समजा 20 बाय 25, म्हणजे 500 चौरस फूट. एक बाक साडेतीन बाय अडीच फूट धरलं तर 21 बाकं 180 च्या वर जागा खातात, त्यात तुमचं टेबल, कपाट आणि 42 दप्तरं. आता सहा बाकं बाहेर काढा आणि तिथे सतरंजी टाका, 12 मुलं खाली बसतील, लिहायला मांडीवर पाट किंवा जाड पुठ्ठा, आणि 50 चौरस फूट अशी जागा मिळेल की जिथे सकाळी गोष्ट, मग गटकाम, मग नकाशा पसरून बघणं सगळं होईल. खाली बसायची पाळी रोज बदला, नाहीतर सतरंजी म्हणजे शिक्षा असं मुलं ठरवून टाकतात. ज्याला खाली बसायला त्रास होतो त्याला बाकच द्या.

चाकांबद्दल म्हणाल तर तुमच्याकडे शहाबादी फरशी असेल तर सांध्यात चाक अडकणार, आणि नसेल तर पाचवीची पोरं शर्यत लावणार. त्यापेक्षा बाकांच्या पायांना रबरी बुचं बसवा, बोहरी आळीत सहज मिळतील, खालच्या वर्गाच्या डोक्यावर होणारा खरखराट कमी होईल. बीन बॅग मात्र नको हो! शिवण उसवली की थर्माकोलचे दाणे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत झाडत बसाल, आणि पावसाळ्यात तिला जो वास येतो तो मी घेतलाय.

फरशीवर तीन रंगांचे ठिपके काढा, आधी खडूने, आठवडाभर जमलं की मग ऑइलपेंटने. लाल म्हणजे रांगा, हिरवा म्हणजे चार-चारचे गट, निळा म्हणजे इंग्रजी यू. तुम्ही रंग सांगायचा, हलवायचं मुलांनी. पहिले चार दिवस पंधरा मिनिटं गोंधळ होईल, शेजारच्या बाई येऊन बघून जातील, पण पुढे दोन-तीन मिनिटांत उरकतं. सुटायच्या आधी परत लाल, म्हणजे आठवीच्या सरांची कटकट नाही. गट करताना कोणाची पाठ फळ्याकडे नको, बाकं आडवी लावा. आणि दार मोकळं ठेवा.

रांगांवर एवढा राग कशाला हेही मला कळत नाही. एकट्याने गणितं सोडवायची असतील तर रांगच बरी, गटात समोरासमोर बसलं की गप्पा होणारच, मोठ्यांच्याही होतात. काम बदललं की बसणं बदलावं, एवढंच. मुलांना स्वतः करून शिकू देणाऱ्या साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे आसपासच्या सरकारी शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातले शिक्षक गेले, परत येऊन कित्येकांनी फरशी रंगवली आणि शिकवणं होतं तसंच ठेवलं. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली, तिथे कसली आलीत टेबलं.

आणि खिडकीचं राहिलंच! इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाचा 153 प्राथमिक वर्गांचा अभ्यास 2015 साली आला, त्यात मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक पडतो त्यातला 16 टक्के वर्गखोलीशी जोडता आला. पण त्यातला निम्मा वाटा उजेड, हवा आणि तापमानाचा होता. हवं तसं बदलता येणं आणि खोली आपली वाटणं, या दोन्हीचा मिळून साधारण पाव. तुमच्या खिडकीपुढे कपाट उभं आहे का बघा, बहुतेक शाळांत असतंच, ते आधी हलवा. उरलेल्या पैशात खालच्या तीन फुटांपर्यंत भिंत काळी रंगवून घ्या, मुलांचा फळा मुलांच्या उंचीवर. संस्थेच्या त्या सद्गृहस्थांना पहिला खडू द्या, खूश होतील.

प्रश्न : मुलगा चौथीत, गटात बसवल्यापासून वर्गात बोलतच नाही. रांगाच बऱ्या होत्या का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : चौघांत नाही बोलत ना, मग दोघांत बोलतो का ते बाईंना बघायला सांगा. आधी जोडी, दोन-तीन आठवड्यांनी गट, आणि कोपऱ्यात एकट्याने वाचायला एक चटई असली तर उत्तमच, तिथे दिवसातून दहा मिनिटं बसला म्हणून काही बिघडत नाही. घरी मात्र रोज "आज बोललास का" विचारू नका.